दोन टीबीच्या स्टिकरखाली पाचशे जीबी

सकाळी सहाला विहिरीवर मोटार चालू करायला गेलो, तर स्टार्टरच्या पेटीखाली केबलचं कापलेलं टोक लोंबत होतं. सव्वाशे फूट तांब्याची केबल रातोरात गेली होती. आमच्या निफाडकडे केबलचोरी नवी नाही. म्हणूनच तर आठ महिन्यांपूर्वी द्राक्षाच्या शेडवर चार कॅमेरे बसवून घेतले होते. रेकॉर्डर, स्विच, हार्ड डिस्क सगळं धरून 38,500 रुपये रोख मोजले होते.

तिथेच उभ्या उभ्या मोबाईल उघडला. रात्री 2 वाजून 17 मिनिटांची एकच क्लिप होती, अकरा सेकंदांची. पिकअपचा मागचा फाळका, लाल दिवा आणि धूळ. माणूस नाही, नंबर नाही.

ज्याने कॅमेरे बसवले तो म्हणाला होता, "भाऊ, दोन टीबीची नवी डिस्क टाकतोय, महिनाभराचं रेकॉर्डिंग कुठं जात नाही." जीएसटीचं बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. रेकॉर्डरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर म्हणे, "तो आमच्याकडंच असतो, तुम्हाला मोबाईलवर दिसतंय ना?" मला दिसत होतं, म्हणून मी गप्प बसलो.

महिनाभराने एका मजुराची सायकल गेली. आठ दिवसांपूर्वीचं बघायला गेलो तर काहीच नाही. त्याला फोन केला. तो आला, लॅपटॉप घेऊन दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "आता मोशनवर टाकलंय. हालचाल झाली की तेवढंच रेकॉर्ड होईल, जागा वाचते." खरंच, पुढे वीस-वीस दिवसांपूर्वीचे व्हिडिओ दिसू लागले. मी खुशीने त्याला वरचे पाचशे दिले.

मोशन म्हणजे काय ते मला चोरी झाल्यावर कळलं. कॅमेरा आधीच्या चित्राशी नंतरचं चित्र ताडून बघतो आणि बदल दिसला की रेकॉर्डिंग सुरू करतो. पण कॅमेऱ्याला माणूस आणि पतंग यातला फरक कळेलच असं नाही. रात्री त्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी काचेपुढे जाळं विणतो, आणि त्या उजेडात ते जाळं पांढरंफेक हलत राहतं. त्यात वेलींची पानं आणि पाऊस. म्हणजे रात्रभर हालचालच. डिस्क लहान असेल तर थोड्याच दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते.

नाशिकला कॉम्प्युटरचं काम करणारा माझा भाचा आला. त्याने पहिल्याच झटक्यात पासवर्ड ओळखला: 12345. (2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असल्याच पासवर्डांमुळे जगभरातले कॅमेरे नि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, हे त्याच्याकडूनच कळलं.) आत डिस्कची जागा 465 जीबी. रेकॉर्डर खोलून डिस्क काढली. वरचं दोन टीबीचं स्टिकर नखाने सोललं तर खाली मूळचं लेबल, 500 जीबीचं, म्हणजे दोन टीबीच्या चौथ्या हिश्श्याचं (500 ची डिस्क आत 465 च दाखवते). आधीच 31 हजार तासांहून जास्त चाललेली. म्हणजे साडेतीन वर्षं कुठेतरी राबून आलेला माल.

साधा हिशेब आहे. दोन एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटवर, एक कॅमेरा सतत चालला तर दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी खातो, चार कॅमेरे 86. दोन टीबी असती तर तेवीस दिवस पुरली असती. ही सहाव्या दिवशीच संपायची. ते उघडं पडू नये म्हणून त्याने मोशनची सेन्सिटिव्हिटी तळाला नेऊन ठेवली होती. पडद्यावर हालचालीसाठी जे लाल चौकोन आखतात, ते फक्त फाटकावर ठेवून विहिरीकडची बाजू सगळी पुसली होती. प्री-रेकॉर्ड, म्हणजे हालचाल होण्याआधीचे जे काही सेकंद क्लिपमध्ये जोडले जातात, तेही शून्य. चोर नाल्याकडून आले, निवांत केबल कापली, आणि कॅमेरा जागा झाला तो पिकअप फाटकापुढून निघून जाताना.

फोन केला तर म्हणाला, "तेव्हा स्टॉक नव्हता भाऊ. बिल आहे का तुमच्याकडं?"

पोलिसांत अर्ज दिलाय, अकरा सेकंदांचा पेनड्राइव्ह जोडून. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रारही केली आहे. वहीचा तो कागद आणि सोललेलं स्टिकर दोन्ही जपून ठेवलंय. नवी डिस्क भाच्याने समोर पाकीट फोडून बसवली, चौकोन विहिरीपर्यंत आखले, प्री-रेकॉर्ड दहा सेकंद केलं. मग रात्री अकराला मी स्वतः नाल्याकडून विहिरीपर्यंत चालत गेलो आणि क्लिप पडली का ते पाहिलं.

मागच्या रविवारी शेजारच्या गावात एका पोल्ट्रीवर गेलो होतो. त्याच माणसाने बसवलेले सहा कॅमेरे. मालकाला म्हटलं, जरा मेनू उघडा. त्यालाही पासवर्ड दिलेला नव्हता. 12345 टाकलं. दोन टीबीचे पैसे घेतलेल्या त्या डिस्कवरही 465 जीबीच.