मटन स्ट्रीटवरच्या जपानी बाहुल्या

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या जपानी पोर्सिलेनच्या बाहुल्या मिळतात, निवडही बऱ्यापैकी असते. मात्र दुकानदार सांगेल ते वय कानाआड करा. 'दोनशे वर्षं जुनी' म्हणून हातात दिलेली किमोनोवाली बाई उलटी केली की तळाला 'मेड इन ऑक्युपाइड जपान' दिसतं. म्हणजे माल महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाचा, 1947 ते 1952 मधला. या काळात जर्मन धर्तीची झालरवाली जोडपीही भरपूर निघाली. दिसायला गोड, पण दुर्मीळ मुळीच नाहीत.

'निप्पॉन' (जपानचं जपानी नाव) असा शिक्का 1891 ते 1921 मधला, पुढे 'जपान'. पण मूळ देश छापायची सक्ती अमेरिकेची होती. थेट मुंबईच्या बंदरात उतरलेल्या मालाला ती लागू नव्हती. त्यामुळे 'शिक्का नाही म्हणजे 1891 च्या आधीची' हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिक्का खोटाही असतो: कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पुसा. भट्टीत पक्का झालेला शिक्का हलत नाही, वरून मारलेला उतरतो. हा प्रयोग फक्त शिक्क्यावर करा, सोनेरी मुलाम्याच्या जवळपास नको.

तळाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. पोर्सिलेनवर तो तसाच राहतो. शोषला गेला, तर ती सात्सुमा या जपानी प्रकारासारखी मऊ मातीची वस्तू किंवा चक्क प्लास्टर. टिचकी मारून आवाज ऐकायची युक्ती ताटलीला ठीक, बंद पोकळ बाहुलीला फारशी उपयोगाची नाही.

खरी फसगत डागडुजीत. मान, बोटं, पंखा आणि छत्रीची टोकं आधी तुटतात. तिथे एम-सील भरून रंग मारलेला असतो. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली तो बेमालूम दिसतो, म्हणून वस्तू दाराशी उजेडात आणा आणि सांध्यावरून नख फिरवा: झिलई काचेसारखी गार, गुळगुळीत लागते, भरलेली जागा किंचित उबदार आणि चिकट. खिशात यूव्ही टॉर्च असेल तर उत्तमच, नवा रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. तळाचं छोटं भोक मात्र दोष नव्हे. भाजताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून ते ठेवतात.

टवका उडालेली बाहुली निम्म्या भावातही घेऊ नये. डोक्यावरची केसासारखी बारीक तड मात्र रंगकाम चांगलं असेल तर चालवून घ्यावी. पॅकिंगवर स्वतः लक्ष ठेवा. सेलोटेप थेट बाहुलीवर लावू देऊ नका, काढताना सोनं सोबत निघतं. शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि ही दुकानं बंद असतात.