एक्सपी चालू होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी रिकव्हरी कन्सोल वापरून बघा

विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मधेच बंद झाला, तरी लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले, जुने डीटीपीवाले यांच्याकडे एक्सपीचं मशीन अजून दिसतं, कारण पान मांडायचं पेजमेकर, श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली), जुना प्रिंटर हे सगळं त्याच्यावर नीट बसलेलं असतं आणि नव्या मशीनवर ते जसंच्या तसं येत नाही. असं मशीन ऐन सीझनमधे काळ्या स्क्रीनवर "एनटीएलडीआर इज मिसिंग" (विंडोज सुरू करणारी फाईल सापडत नाही) दाखवून अडकलं की रिपेअरवाला लगेच म्हणतो फॉरमॅट मारूया. प्लीज लगेच हो म्हणू नका. एक्सपीच्या सीडीवरच रिकव्हरी कन्सोल (बिघडलेलं विंडोज कमांड देऊन दुरुस्त करायची सोय) आहे, वेगळे पैसे नाहीत, आणि बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या, प्रॉब्लेमला माझा पहिला भरवसा त्याच्यावरच.

सीडी टाकून सीडीवरूनच बूट करायचं, वेलकमची निळी स्क्रीन आली की एंटर नाही, आर दाबायचा (एंटर म्हणजे नवीन इन्स्टॉलचा रस्ता). मग कुठलं विंडोज ते विचारतं, बहुतेक वेळा 1, नंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, कधी ठेवलाच नसेल तर नुसतं एंटर. माऊस नाही, आयकॉन नाही, फक्त कमांड. पण घाबरण्यासारखं काही नाही, कामाच्या कमांड मोजक्याच आहेत.

एनटीएलडीआरचा एरर असेल तर आधी पेनड्राइव्ह काढून बघा, बायॉसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) बूटसाठी यूएसबी पहिलं असलं तरी हाच मेसेज येतो. तरी नाही झालं तर सीडीच्या आय386 फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट डॉट कॉम या दोन फाईली सी ड्राइव्हवर कॉपी करायच्या, मग फिक्सबूट (fixboot) ही कमांड. हॅल डॉट डीएलएल नाही असं म्हणत असेल तर बऱ्याचदा ती फाईल जागेवरच असते, गडबड बूट डॉट आयएनआयमधे (विंडोज कुठे आहे ते सांगणाऱ्या फाईलमधे) असते, तिथे बूटसीएफजी स्लॅश रीबिल्ड (bootcfg /rebuild) चालवायचं. आणि लाईट गेल्यानंतर निळ्या स्क्रीनवर "अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम" आलं तर चेकडिस्क, स्लॅश आर लावून (chkdsk /r). हे खूप वेळ खातं, टक्के पुढे जातात आणि मधेच मागे येतात, लोक हँग झालं समजून बटण दाबून बंद करतात आणि तिथेच वाट लागते, तेव्हा रात्रभर चालू द्या. फिक्सएमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिणारी कमांड) मात्र उगाच मारू नका, शेजारी लिनक्स असेल तर त्याचा बूट मेनू उडतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे डेटा बाहेर काढता येत नाही, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमधे गेलात की अ‍ॅक्सेस डिनाइड, पेनड्राइव्हवर कॉपी पण होत नाही. डिस्क आवाज करत असेल तर कन्सोलच्या नादी न लागता लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालते ती) आधी फाईली वाचवा. दुसरं, साटा डिस्क (नव्या पद्धतीच्या केबलची हार्डडिस्क) बायॉसमधे एएचसीआय मोडवर असेल तर सीडीला हार्डडिस्क दिसतच नाही, कारण तो ड्रायव्हर सीडीत नाही. बायॉसमधे तेवढ्यापुरता मोड आयडीई (जुनी पद्धत) करायचा आणि काम झालं की परत पहिल्यासारखं. उलटं पण होतं बरं का, मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की बायॉस डिफॉल्टला जातं, मोड बदलतो आणि चांगलं चालणारं एक्सपी 7बी एरर (निळ्या स्क्रीनवर, बूटची डिस्क सापडत नाही असा) देऊन पडतं. तारीख मागे गेलेली दिसली तर आधी तो सेल बदला, मोड पहिल्यासारखा लावा, विंडोजला हात पण लावायची गरज नाही!

सीडी सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) 2 किंवा 3 वालीच घ्या, अगदी पहिली 2001 ची सीडी 137 जीबीच्या वरची डिस्क नीट ओळखत नाही. कीबोर्ड जमलं तर गोल पिनचा ठेवा, काही जुन्या बोर्डांवर यूएसबीवाला तिथे चालत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो डेटासाठी. मशीन आत्ता चालू असेल तर आजच सीडी टाका, रनमधे जाऊन आय386 मधलं विनएनटी32 स्लॅश सीएमडीकॉन्स (winnt32 /cmdcons) चालवा, कन्सोल बूट मेनूतच येऊन बसतो, जागा साताठ एमबी लागते. सीडी तरी जपून ठेवाच, एनटीएलडीआरच गेलं तर तो मेनू पण येणार नाही.