फेंडर जपान पीबी६२ : सोलापुरात आठ महिने वाजवल्यावर

जुना बास (बास गिटार) म्हटलं की लोक आधी आवाजाचं विचारतात. आवाज उत्तम आहे, त्यावर पुढे येतोच. पण आठ महिन्यांनी पहिल्यांदा नेकबद्दलच, म्हणजे तारांखालच्या लांब लाकडी दांड्याबद्दलच सांगावं लागेल, कारण या बासचं सुख आणि डोकेदुखी दोन्ही तिथेच आहेत.

बास १९६२च्या प्रिसिजनच्या (फेंडरचं जुनं बास मॉडेल) धर्तीवरचा. सीरियल नंबर ‘ई’ने सुरू होतो, म्हणजे १९८४ ते ८७ या काळातला. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), वजन ३.९ किलो. मॉडेलच्या नावापुढचा ५५ किंवा ७० हा आकडा त्या वेळची हजार येनमधली किंमत सांगतो. लाकूड आणि हार्डवेअर त्यानुसार बदलतं, म्हणून ‘पीबी६२’ एवढंच ऐकून भाव ठरवू नका.

ट्रस रॉडचा (तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणारी आतली सळई) नट नेकच्या बुडाशी आहे. जुन्या रचनेशी प्रामाणिक राहायचं म्हणून तो तिथे ठेवलाय, त्यामुळे तो फिरवायला प्रत्येक वेळी नेक उतरवावी लागते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते आणि जूननंतर एकदम दमट होते. नेक या दोन्ही वेळी हलते. कुठल्या बाजूला हलेल ते त्या लाकडावर आहे, म्हणून अंदाजाने रॉड फिरवायचा नाही, आधी मोजायचं. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि आठव्या फ्रेटवरची फट बघा. ०.३ ते ०.३५ मि.मी. हवी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की झालं.

फट जास्त किंवा कमी निघाली तर तारा पूर्ण सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, रुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने नट पाव फेरा फिरवा (फट कमी करायची तर घड्याळाच्या दिशेने), नेक बसवून सुरात लावा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पुन्हा मोजा. घाईने अर्धा फेरा देणारे नटाच्या खाचा खातात, आणि ते नुकसान महाग पडतं. पुन्हा बसवताना स्क्रू आधी हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात टक्‌कन बसल्याचं जाणवलं की मगच आवळा. भोक सैल झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या टूथपिक भरून एक दिवस वाळवायच्या.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकंही बाहेर येतात. हात वरखाली सरकवला की कडा करवतीसारखी लागते. बारीक कानशीने दोन्ही बाजू हलकेच घासल्या की पुरतं. हे काम मे महिन्यात करायचं, पावसाळ्यात नाही.

फिंगरबोर्डचा (नेकची फ्रेट बसवलेली बाजू) गोलवा ७.२५ इंच त्रिज्येचा असल्याने ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फार खाली नेता येत नाही. सतराव्या फ्रेटवर ई (सर्वात जाड) तारेखाली २.४ मि.मी. आणि जी (सर्वात बारीक) तारेखाली २ मि.मी. ठेवली की वाजवायला सोपं जातं आणि खडखडही नाही. फेंडरच्याच जॅझ बासच्या ३८ मि.मी. नटची (हा नट वेगळा, नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) सवय असेल तर ही नेक पहिला आठवडा रुंद वाटेल.

आता आवाज. स्प्लिट-कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारं, दोन भागांत विभागलेलं वेटोळं) १९५७पासून प्रिसिजनवर आहे आणि तो हम, म्हणजे विजेची भुणभुण, स्वतःच दाबून टाकतो. लूमच्या भागातल्या गोंगाटी वीजजोडणीवर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप) भुणभुणते तिथे हा शांत राहतो. तरी तारेला हात लावल्यावर हम कमी होत असेल तर शिल्डिंग (आतलं धातूचं आवरण) बघा, आणि माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर दोष बासचा नसून मंडपातल्या अर्थिंगचा आहे. तसं होत असेल तर वाजवणं थांबवा, आधी अर्थिंग तपासून घ्या.

४५-१०५ जाडीच्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांवर जुन्या गाण्यांचा बास अगदी जागेवर बसतो: सुरुवातीला ठोका, मग गोल, पटकन विरणारा आवाज. ब्रिजजवळ (खालच्या टोकाला तारा टेकतात तिथे) तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली की तो आणखी आखूड होतो. जुन्या प्रिसिजनच्या ब्रिजच्या झाकणात असा फोम असायचाच. एक चूक मात्र सर्रास होते. टोन नॉब पूर्ण बंद केला की खोलीत आवाज भरदार वाटतो, पण लग्नाच्या मंडपातल्या १२ इंची स्पीकरवर ई तारेचे ४१ हर्ट्झ नीट येतच नाहीत आणि बास गायब होतो. नॉब अर्धा उघडा ठेवा. वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) आले की सूर कानाला कळतो.

नॉब फिरवताना आवाज खरखरायला लागला तर पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता भाग) काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. बदलायचाच असेल तर २५० के (किलो-ओहम), पण मूळ पॉट मेट्रिक मापाचा निघाला तर अमेरिकन पॉटसाठी भोक मोठं करावं लागतं. तसं करण्यापेक्षा मेट्रिकच मागवा.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एक सूर लवकर मरतो. या घराण्याच्या बहुतेक नेकमध्ये हे असतं. तिथे नेक स्वतःच त्या सुराला कंप पावते आणि तारेची ताकद पिते. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) छोटा क्लॅम्प लावून बघा, मेलेली जागा अर्धा-एक फ्रेट सरकते. कापायला, घासायला जाऊ नका. विकत घेताना मात्र हे सूर एकेक करून, ॲम्पशिवाय, चार सेकंद धरून ऐका. आणि विकणारा नेक उतरवून ट्रस रॉडचा नट दाखवायला तयार नसेल, तर तो बास तिथेच ठेवा.