काकांची जुनी मर्सिडीज की मित्राची नवी झेडफोर? रविवारी दोन्ही पळवल्या

काकांकडे १९८२ची मर्सिडीज २४०डी आहे, डब्ल्यू १२३ म्हणतात ती, गोल-गोल हेडलाइटवाली. आणि नेरूळच्या मित्राने बीएमडब्ल्यू झेडफोर एम४०आय घेतली, टप उघडणारी. मग काय, रविवारी सकाळी ६ला ठाण्याहून निघालो, विटावा, ठाणे-बेलापूर रोड, वाशी आणि पुढे पाम बीच.

मर्सिडीजचं आधी सांगतो. डिझेल आहे, चावी फिरवून, इंजिनातले हीटर तापून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर. ताकद ७२ हॉर्सपॉवर, शंभर गाठायला २० सेकंदांच्या वर लागतात, म्हणजे सिग्नलला मागचे रिक्षावाले हॉर्न मारणारच. पण खड्ड्यातून जाते ना, तेव्हा नुसतं धप्प असा दबका आवाज येतो आणि काकूंच्या हातातला चहा हलतसुद्धा नाही, कळव्यात चेक केलंय. सीटही घरच्या सोफ्यासारखी, उठावंसं वाटत नाही.

झेडफोरमध्ये ३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, पाय ठेवला की मान मागे. टप १० सेकंदात उघडतो आणि ५०च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीतही उघडतो. सीवूड्सच्या बाजूला खाडीचा वारा, वर मोकळं आभाळ, खरंच भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ८ वाजले, ऊन चढलं, सिग्नलला बाजूच्या डंपरने धूर सोडला आणि दोन पोरं बाइकवरून मोबाईल काढून आमचाच व्हिडिओ करायला लागली, तर मित्राने गपचूप टप लावला आणि एसी १८ वर. परत येताना पूर्ण रस्ताभर टप बंदच. आणि मर्सिडीजचा एसी जेमतेम, म्हणून काका हँडल फिरवून चारही काचा खाली करून आरामात! म्हणजे उघडी गाडी बंद आणि बंद गाडी उघडी.

शिवाय झेडफोरला सीट दोनच, काकूंना कुठे बसवणार? सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर पुढचं बंपर घासलं तेव्हा मित्राचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

जुनीचा खर्च मात्र विसरू नका. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंग, वर ग्रीन टॅक्स. आणि तिला व्हिंटेज म्हणून मिरवू नका हां, नियमाने ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०३२पर्यंत थांबा.

मला विचाराल तर तासाभराच्या मजेसाठी झेडफोर, तीही मित्राची. घरी ठेवायला मर्सिडीज, पण ओळखीचा मेकॅनिक असेल तरच. चावी काढली की इंजिन बंद करणारी तिची व्हॅक्यूमची यंत्रणा (हवा ओढून चालते ती) लीक झालीय, त्यामुळे वडापावच्या गाडीपाशी काकांनी चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन खडखड चालूच. शेवटी बॉनेट उघडून आतला स्टॉपचा खटका दाबला तेव्हा बंद झालं. वडापाववाला म्हणाला, "काका, तिला अजून फिरायचंय."