लॉरा टर्बोमधला परफॉर्मन्स क्लच: नागपूरचा एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

गाडी स्कोडा लॉरा 1.8 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. कंपनीचा आकडा 160 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप केल्यावर (त्याचं सेटिंग बदलल्यावर) टॉर्क 320 च्या आसपास गेला. मूळ क्लचने तो बरेच दिवस सांभाळलाही. मग डिसेंबरातल्या एका पहाटे समृद्धी महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगात पाय दाबला, तर आरपीएमचा काटा सरसर वर गेला आणि गाडी मात्र आपल्याच चालीने चालत राहिली. क्लच घसरत होता.

डिसेंबर का, हे समजून घेण्यासारखं आहे. क्लच उन्हाळ्यात आधी दगा देईल असं आपल्याला वाटतं. पण मे महिन्यात नागपूरची हवा इतकी तापलेली असते की इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) पुरेसा थंडावा देऊ शकत नाही. इंजिन स्वतःला जपायला इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतं आणि टॉर्क आपोआप उतरतो. हिवाळ्यातल्या गार, दाट हवेत तेच इंजिन पूर्ण ताकद देतं. म्हणजे क्लचची खरी परीक्षा थंडीत होते. आणि ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये होत नाही. तिथे गाडी झटकन पुढे पळते, नाहीतर चाकं फिरतात. वरच्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएमला टर्बो पूर्ण भरलेला असतो, गाडीचं ओझं सगळं क्लचवर येतं आणि ते बराच वेळ टिकतं. घसरण पहिल्यांदा तिथेच दिसते.

खात्री करायची एक सोपी पद्धत. ओबीडी, म्हणजे इंजिनचे आकडे वाचणारं यंत्र, लावून आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवा, आरपीएमला वेगाने भागा. एका गिअरमध्ये हा भागाकार सारखाच राहायला हवा. पाय दाबल्यावर तो वाढला की क्लच घसरतोय, मग वास येवो न येवो. माझा चांगलाच वाढत होता.

आता कोणता क्लच घ्यायचा, हा सगळ्यात मोठा प्रश्न. क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब (ती डिस्कला फ्लायव्हीलवर दाबून धरते), डिस्कच्या अस्तराचं घर्षण, डिस्कची त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. त्रिज्या फ्लायव्हीलने, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीने, बांधून दिलेली. बाजू वाढवायच्या तर दोन डिस्कचा संच लागतो, तो माझ्या टॉर्कला फार होता. उरले दोन मार्ग. एक तर सिरॅमिक पाकळ्यांची डिस्क, म्हणजे जास्त घर्षण. नाहीतर साधंच ऑरगॅनिक अस्तर आणि वर जास्त दाबाची प्रेशर प्लेट.

सिरॅमिक घे, असं सांगणारे खूप भेटले. मी कामठी रोडवर एका मित्राची तशी गाडी चालवून पाहिली. ट्रॅकवर ती उत्तम असेल, यात शंका नाही. सिरॅमिक उष्णता फार सोसतं. पण ते एकतर धरतं नाहीतर सोडतं, मधली हळुवार जागा त्यात जवळपास नाहीच. व्हरायटी चौकात संध्याकाळी सहा वाजता ऑटो, स्कूटी आणि सिटी बसच्या मधून इंचाइंचाने सरकताना प्रत्येक वेळी धक्का बसतो आणि तो धक्का गिअरबॉक्सलाही बसतो. माझी गाडी रोज सीताबर्डीतून जाते, ट्रॅकवर कधीच जात नाही. म्हणून मी साक्स कंपनीची परफॉर्मन्स प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगवाली ऑरगॅनिक डिस्क घेतली. निवडताना टॉर्कचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरचा, धरा. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांवरचा टॉर्क मोजला जातो, तो कमी दिसतो. क्लचला मात्र इंजिनचा पूर्ण टॉर्क झेलायचा असतो.

फ्लायव्हीलबद्दल माझं मत ठाम आहे: रोजच्या गाडीत ड्युअल मासच ठेवा. त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात आणि इंजिनचे झटके त्या गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. एकसंध फ्लायव्हील स्वस्त पडतं, हलकं असेल तर इंजिन पटकन फिरतं, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून खडखड सुरू होते आणि ती जात नाही. ड्युअल मास साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर घासून घेण्याची गोष्ट नाही. माझ्या जुन्यावर उष्णतेचे निळे डाग होते आणि कडेने ग्रीस बाहेर आलं होतं, त्यामुळे नवंच घेतलं. त्याची किंमत जवळपास क्लचइतकीच. सगळं धरून खर्च लाखाच्या वर गेला, हे आधीच सांगून ठेवतो.

बसवण्याचं काम हिंगणा एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी केलं. दिवसभर मी तिथेच होतो. गिअरबॉक्स खाली काढायचा म्हणजे एक्सल सोडायचे, माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा आधार) सोडायचं, इंजिन वरून टांगून धरायचं. इतकी मेहनत एकदा होत असेल तर त्याच फेरीत रिलीज बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर (दोन्ही पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवतात) आणि क्रँकची मागची ऑइल सील बदलून घ्यायलाच हवी. यातली सील पुढे गळली की तेल थेट डिस्कवर येतं आणि सगळा खर्च पाण्यात. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणले जाणारे असतात, एकदाच वापरायचे: आधी 60 न्यूटन मीटर, मग आणखी 90 अंश फिरवायचे. एका गॅरेजने आधी मला जुनेच बोल्ट चालतील असं सांगितलं होतं. तिथून मी उठून आलो. इथे काकांनी नवे बोल्ट स्वतःहून मागितले. मी डिस्क उचलून पाहायला गेलो तर म्हणाले, "भाऊ, अस्तराले हात नका लावू. तेलकट बोट लागलं का मंग थरथरतेच ते." कोणत्या गॅरेजात गाडी द्यावी हे मला अशाच गोष्टींवरून कळतं.

क्लच रुळवण्याचा पहिला टप्पा, साधारण 800 किलोमीटर, शहरातच काढा. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. शिर्डीला जाऊन आलं की हजार किलोमीटर सहज होतात, पण तेवढ्या वाटेत क्लच धरतो-सोडतो किती वेळा? अगदी थोड्या. अस्तर बसतं ते पकडण्या-सोडण्याने. धरमपेठ, गोकुळपेठ, सदर, इतवारीची गर्दी, हेच त्याचं खरं रुळणं. या काळात फुल थ्रॉटल अजिबात नाही.

पेडल जड झालं आहे, मूळपेक्षा स्पष्टपणे जड. पहिल्या आठवड्यात डाव्या पिंढरीला जाणवत होतं. सीट थोडी पुढे घेतल्यावर बरं झालं. माझ्या बाबांना मात्र ते अजून आवडलेलं नाही, बाजारात जायचं तर ते दुसरी गाडी नेतात. घरात एकच गाडी असेल आणि ती ज्येष्ठ माणसंही चालवत असतील तर हा मुद्दा सगळ्यात आधी विचारात घ्या. क्लच आता थोडा वर पकडतो आणि पकडीची जागा आखूड आहे, पण ती आहे. रामटेकला गडावरच्या चढात गर्दीत थांबून निघालो तेव्हा हाफ क्लचवर गाडी न थरथरता उचलली.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना वर्धा रोडच्या खोळंब्यात वास नाही, पेडल मऊ पडलं नाही. याचं अर्धं श्रेय नव्या डॉट 4 ऑइलला. ते ब्रेक आणि क्लचला एकाच टाकीतून जातं आणि हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा 155 वर येते. दोन वर्षांनी बदला, आपल्या उन्हात तर चुकवूच नका. जुलै-ऑगस्टात गाडी रात्रभर ओलीत उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा बारीक थरथर यायची. लोखंडावर पातळ गंज धरतो तो घासून गेला की थरथर बंद. घाबरण्यासारखं काही नाही.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते? पावसाळा संपल्यावर गार पहाटे पुन्हा समृद्धीवर सहाव्या गिअरमध्ये पाय दाबला. काटा आणि वेग एकमेकांना न सोडता चढत गेले, भागाकार शेवटपर्यंत तोच. 320 न्यूटन मीटर म्हणजे काय हे मला खरं तर आत्ता कळतंय. आधी त्यातला बराचसा भाग क्लच जाळण्यात जात होता.

ताकद आता पुढे पोचते, त्यामुळे जुनं इंजिन माउंटिंग लगेच बोलू लागलं. गिअर बदलताना खालून ठक्क आवाज यायचा, खालचं माउंटिंग बदलल्यावर गेला. दुसरी सवय सिग्नलची: क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा. जड प्रेशर प्लेटचा तो दाब क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, आणि नागपूरचे काही सिग्नल फार लांब आहेत.

रिमॅप नसेल तर हा खर्च करू नका, कंपनीचा क्लच 250 न्यूटन मीटरला पुरेसा आहे आणि पेडलही हलकं राहतं. मोठा टर्बो घालून टॉर्क याच्या खूप पुढे न्यायचा बेत असेल तर ऑरगॅनिक डिस्क कमी पडेल, तेव्हा दोन डिस्कच्या संचाचाच विचार करा.