आयएलएस की ‘गगन’: उतरताना इंधन कशात वाचतं?

सोलापूरच्या होटगी रोडसारख्या छोट्या विमानतळाला जमिनीवरचं आयएलएस (धावपट्टीजवळच्या अँटेनांच्या रेडिओ किरणांनी विमानाला उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा) बरं, की ‘गगन’ (जीपीएस अधिक अचूक करणारी भारतीय यंत्रणा) उपग्रहांवर चालणारा एलपीव्ही मार्ग, म्हणजे दिशा आणि उंची दोन्ही उपग्रहांवरून दाखवणारी उतरण्याची वाट?

खर्चात एलपीव्ही सरळ जिंकतं. धावपट्टीजवळ अँटेना नाहीत, लागतो तो सर्व्हे आणि नकाशा.

खरा फरक इंधनात. आयएलएसचा ३ अंशांचा किरण खालून पकडायचा, म्हणून विमान बरेचदा दोन-तीन हजार फुटांवर सपाट उडतं. फ्लॅप (पंखांच्या झडपा) बाहेर, इंजिनाला जोर, खाली वस्तीला आवाज. उपग्रही मार्गात वळणं आधीच आखलेली. उरलेलं अंतर नेमकं कळतं, मग इंजिन मंद ठेवून सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट असं सलग उतरायचं. (कंट्रोलरने मध्येच थांबवलं, की गणित फिसकटलंच.)

एलपीव्ही रिसीव्हर नसलेली विमानं उपग्रही मार्गावरही उंची हवेच्या दाबावरून धरतात. सोलापुरी उन्हाळ्यात, ४२ अंशांत, हवा विरळ. तोच उतार प्रत्यक्षात जास्त खडा होतो आणि वेग आवरत नाही. एलपीव्हीला उन्हाची फिकीर नाही, पण सूर्यास्तानंतर बिघडणारं आयनोस्फिअर (उपग्रहांचे संकेत ज्यातून येतात तो वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्याला छळतं.

फेऱ्या कमी, विमानं एलपीव्ही-सक्षम: ‘गगन’ घ्या. दाट धुक्यातही उतरायचंच असेल, तर वरच्या श्रेणीचं आयएलएस.