लायसियमसाठीचं ऑडिओ गाइड: आखाडा छान उभा केलाय, ॲरिस्टॉटल मात्र अर्धाच

तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे अथेन्सला गेल्यावर ॲक्रोपोलिसच्याही आधी ॲरिस्टॉटल जिथे शिकवायचा ते लायसियम बघायचं, हे ठरलेलंच होतं. १९९६ साली नव्या संग्रहालयासाठी खोदाई करताना इथला आखाडा सापडला आणि २०१४ मध्ये जागा लोकांसाठी खुली झाली. उरलाय तो नुसता पाया. म्हणून कानाशी बोलणारं कुणीतरी हवं, या विचाराने फोनवर हे गाइड विकत घेतलं.

आखाड्याचा भाग सुंदर. पैलवान तेल कुठे लावत, अंघोळ कुठे करत, सगळं डोळ्यांपुढे आलं. इ.स.पू. ३३५ मध्ये ॲरिस्टॉटलने या सार्वजनिक व्यायामशाळेत शिकवायला सुरुवात केली, कारण परका म्हणून त्याला अथेन्समध्ये जमीन घेता येत नव्हती. हे मला माहीत नव्हतं. रोमन सेनापती सुलाने इ.स.पू. ८६ मध्ये वेढ्याच्या यंत्रांसाठी इथली झाडं तोडली, ते ऐकताना तर जीव हळहळला.

पुढे मात्र ॲरिस्टॉटलचा ‘पश्चिमेवरील प्रभाव’ चार मिनिटांत गुंडाळलाय, आणि त्यात ‘त्याच्या चुकांमुळे युरोप दोन हजार वर्षं मागे राहिला’ हे वाक्य. मी फोन बंद करून बाकावर बसले. जड वस्तू वेगाने पडते असं तो म्हणाला, ते चूक होतं, मान्य. पण त्याचं लिहिलेलं पुन्हा न तपासणं हा दोष नंतरच्यांचा. तो स्वतः बघणारा माणूस होता! मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, एका जातीत पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं, असं त्याने लिहून ठेवलं. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलरने ते पक्कं केलं १८४२ मध्ये. डार्विनने मृत्यूच्या दोनच महिने आधी एका पत्रात लिहिलं, की लिनियस आणि क्युव्हिए हे निसर्गअभ्यासक आपले देव, पण म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ती शाळकरी पोरं. यातलं अवाक्षर गाइडमध्ये नाही.

मध्ययुगातल्या कॉर्डोबाच्या (स्पेन) तत्त्वज्ञ इब्न रुश्दचं नावही नाही. त्याची ॲरिस्टॉटलवरची भाष्यं लॅटिनमध्ये गेली, पॅरिसच्या विद्यापीठात त्यांवर वाद पेटले, ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस तर ॲरिस्टॉटलला नुसतं ‘तत्त्वज्ञ’ म्हणायचा. हे वगळलं तर प्रभाव म्हणून उरतं काय?

पाचपैकी तीन तारे, तेही आखाड्यासाठी. घ्यायचं असेल तर सुलापर्यंत ऐका आणि तिथेच थांबवा.